होतकरू

माझ्या लॅपटॉपवर एक शीट आहे. तिचं नाव 'मुंबई_होतकरू_फायनल_२'. आयटीत काम करणाऱ्यांना नावावरूनच कळेल की आधीच्या 'फायनल'चं काय झालं असेल. मुंबईच्या १६, १९ आणि २३ वर्षांखालच्या क्रिकेट संघांत जी मुलं दिसतात, त्यांची नावं मी तिच्यात टाकत जातो. रकाने साधे आहेत. नाव, जन्मसाल, बॅटिंग की बॉलिंग, मी कधी पाहिला, आणि जवळचं रेल्वे स्टेशन. शेवटचा रकाना आहे 'पुढे काय झालं'. तो बहुतेक वेळा रिकामाच असतो.

या शीटचा कुणाला काही उपयोग नाही. मी पत्रकार नाही, निवड समितीत माझी ओळख नाही, फँटसी ॲपवर पैसेही लावत नाही. दिवसभर एका कंपनीसाठी बॅकएंडचा कोड लिहितो आणि रात्री सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, आईची सीरियल चालू असताना, फोनवर स्कोअरकार्ड बघतो. माझे मित्र विराटचे फॅन आहेत, रोहितचे आहेत, धोनीचे तर आहेतच. मी ज्यांचा फॅन आहे त्यांच्यातल्या निम्म्यांना अजून दाढी फुटलेली नाही.

आणि गंमत म्हणजे हे खूळ मला क्रिकेटमुळे लागलं नाही, बेसबॉलमुळे लागलं.

२०२१ मध्ये आमच्या प्रोजेक्टवर पिट्सबर्गचा एक सीनियर होता. रोज संध्याकाळी साडेसातचा कॉल, म्हणजे त्याची सकाळ. बाकीचे लोक जॉइन होईपर्यंत आम्ही दोघंच असायचो आणि तो पिट्सबर्ग पायरेट्सबद्दल बोलायचा. पायरेट्स म्हणजे त्याच्या गावची बेसबॉल टीम. तिने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ साली. १९९३ ते २०१२ सलग २० हंगाम तिने जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त सामने. प्लेऑफमध्ये शेवटची गेली २०१५ ला. मी एकदा त्याला विचारलं, बाबा रे, मग तू बघतोस तरी काय? तो म्हणाला, मी टीम बघतच नाही, मी येणारी पोरं बघतो.

मग त्याने मला सगळी उतरंड समजावून सांगितली. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली लहान क्लब असतात. वरून खाली ट्रिपल ए, डबल ए, हाय ए, सिंगल ए. ३० मोठे क्लब, प्रत्येकाचे असे चार. कॉलेजमधून आणि शाळेतून ड्राफ्टमध्ये निवडलेला पोरगा यातल्या खालच्या पायरीवर सुरुवात करतो आणि वर्षानुवर्षं बसने गावोगाव फिरत वर सरकतो. किंवा सरकत नाही. 'बेसबॉल अमेरिका' नावाचं नियतकालिक १९९० पासून दर वर्षी अशा १०० मुलांची क्रमवारी छापतं. लोक त्यावर तावातावाने भांडतात. माझा हा सीनियर दोनेक तास गाडी चालवून अल्टूना नावाच्या लहान गावात पायरेट्सची डबल एची टीम बघायला जायचा. तिथे पाहिलेला पोरगा चार वर्षांनी टीव्हीवर दिसला की त्याला जो आनंद व्हायचा, तो मला कॉलवरून ऐकू यायचा.

२०२३ च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सने सगळ्यात पहिला निवडला पॉल स्कीन्स नावाचा पिचर. मे २०२४ मध्ये तो मोठ्या संघात आला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२५ मध्ये त्याला साय यंग पुरस्कार मिळाला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान. टीम मात्र दोन्ही वर्षं आपल्या गटात शेवटचीच. सीनियर आता दुसऱ्या कंपनीत आहे, पण स्कीन्सच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला होता. खाली एकच ओळ होती, की याला मी इंडियानापोलिसला पाहिलं होतं.

याच पायरेट्सने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. एका टीव्ही स्पर्धेतून, वेगाने चेंडू फेकतात म्हणून ते निवडले गेले. अमेरिकन क्लबशी व्यावसायिक करार करणारे ते पहिले भारतीय. हॉलिवूडने त्यांच्यावर सिनेमा काढला. मोठ्या लीगमध्ये मात्र दोघांतला एकही पोचला नाही. दिनेश परत आला आणि रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. सिनेमा जिथे संपतो, त्याच्या पुढची ही गोष्ट आहे. माझ्या शीटमधला शेवटचा रकाना असल्याच गोष्टींसाठी आहे.

इंग्रजीत या मुलांना 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. मला मराठी शब्द शोधावा लागला नाही. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' हे आमच्या नाक्यावरच्या बॅनरवर दर जूनमध्ये असतं.

मुंबई क्रिकेटमध्ये अशी पायऱ्यांची उतरंड कुणी आखलेली नाही. इथे ती आपोआप झाली. शाळांची हॅरिस आणि गाइल्स शिल्ड, पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग, ऑफिसांची टाइम्स शिल्ड, आणि वर रणजी संघ. या व्यवस्थेने ४२ वेळा रणजी करंडक आणला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं तो दुसऱ्या कुणाला मिळालाच नाही. म्हणजे त्या काळात मुंबईचा फॅन असणं हे पायरेट्सचा फॅन असण्याच्या अगदी उलट होतं. जिंकणं हे गृहीतच. कुतूहल एवढंच, की पुढचा कोण?

पुढचा कुठून येतो, यात मात्र मोठा बदल झालाय आणि तो मला शीट भरताना दिसला. म्हणून तर स्टेशनचा रकाना आहे.

आमचं घर मूळचं लालबागचं. बाबा बेस्टमध्ये. चाळीतली एक खोली विकून २००३ मध्ये आम्ही मीरा रोडला आलो, कारण तेवढ्या पैशांत स्वयंपाकघराला दार असलेलं घर इथेच मिळत होतं. गिरगाव, परळ, दादरमधली हजारो मराठी घरं अशीच पश्चिम रेल्वेवर विरारपर्यंत आणि मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत सरकली. घरं सरकली तसं क्रिकेटही सरकलं. गावसकर ताडदेवचे. संदीप पाटील शिवाजी पार्कचे. रोहित शर्मा बोरिवलीचा. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. तुषार देशपांडे कल्याणचा. पृथ्वी शॉ विरारचा, आयुष म्हात्रे विरारचा. शार्दुल ठाकूर तर पालघरचा. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून परतलेला शार्दुल अंधेरीहून लोकलने घरी गेला होता आणि डब्यातली मुलं गूगलवर त्याचा फोटो शोधून खात्री करून घेत होती. क्रिकेटपटू लांब राहायला गेले, पण मैदानं जिथल्या तिथेच राहिली. आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क. मधलं अंतर पोरांनी कापायचं.

हे अंतर म्हणजे काय, ते मला माहीत आहे, कारण आमच्या घरात एक किटबॅग होती.

माझा धाकटा भाऊ १९९९ चा. पृथ्वी शॉच्याच वयाचा. डावखुरा, तिसऱ्या नंबरवर खेळायचा. दहाव्या वर्षापासून आठवड्यातले पाच दिवस तो सकाळी चर्चगेटला जायचा. मीरा रोडला विरारहून येणारी गाडी भरूनच येते, तिथे माणसाला पाय ठेवायला जागा नसते तर किटबॅगला कुठून असणार? म्हणून बाबा त्याला लगेजच्या डब्यात चढवायचे. सकाळी पावणेसहाला, मासळीच्या टोपल्या आणि भाजीच्या गोण्या यांच्यामध्ये, बॅगेवर बसून, झोपेत. संध्याकाळी शाळा, क्लास, आणि मग गच्चीवर दोरीला बांधलेला चेंडू. त्याची पहिली इंग्लिश विलोची बॅट पतपेढीच्या कर्जातून आली. त्याच वर्षी माझी अकरावी-बारावीच्या क्लासची फी भरली गेली. घरात दोन होतकरू होते आणि बाबांचा पगार एक.

नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस शिल्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा केल्या. तेव्हा तो १४ वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी आपला धंदा बंद करून मुलाला रोज विरारहून वांद्र्याला नेलं, ही गोष्ट पेपरांत आली आणि आमच्या लाइनीवरच्या प्रत्येक किटबॅगवाल्या घरात ती वाचली गेली. आमच्याकडे कुणी काही बोललं नाही. बाबांनी फक्त पेपर घडी घालून टीव्हीखाली ठेवला. जानेवारी २०१७ मध्ये पृथ्वी राजकोटला तमिळनाडूविरुद्ध रणजी सेमीफायनल खेळला आणि पहिल्याच सामन्यात १२० केले. माझा भाऊ त्या वर्षी क्लबकडून बी डिव्हिजन खेळत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये पृथ्वीच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला तेव्हा भावाची बारावीची परीक्षा तोंडावर होती. परीक्षा झाली आणि त्याने किटबॅग माळ्यावर टाकली. भांडण नाही, रडारड नाही. आईने नुसतं विचारलं, डांबरगोळ्या टाकू का आत? तो म्हणाला, टाक.

तो वाईट खेळायचा नाही. लोकांना हे समजावून सांगणं अवघड जातं. आपण 'प्रयत्न कमी पडले' किंवा 'टॅलेंट नव्हतं' असं म्हणून मोकळे होतो. मला यावर हिशोबाने विचार करायची सवय आहे, म्हणून मी असं मांडतो. इंजिनीअरिंगला आमच्या वर्गात ६० मुलं होती आणि मी साधारण पंचविसावा. पंचविसाव्याला कॅम्पसमधून नोकरी लागली. चाळिसाव्यालाही लागली, थोड्या कमी पगाराची. शेवटच्यालाही वर्षभरात कुठेतरी टेस्टिंगमध्ये लागली. आता मुंबईतल्या त्या वयाच्या फलंदाजांची अशीच यादी करा. पहिले सहा खेळतील. सातवा, आठवा राखीव म्हणून पाणी नेईल. पंचविसावा फलंदाज, जो देशातल्या निम्म्या राज्यांच्या संघांत सहज बसला असता, त्याच्या हातात काय येतं? बारावीची मार्कशीट. गुणवत्तेच्या उतरणीवर माझ्या क्षेत्रात खाली जमीन आहे, त्याच्या क्षेत्रात दरी.

आकड्यांतही हे दिसतं. २०२१ पासून रणजीत नवख्या खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार. ४० पेक्षा जास्त सामने झालेल्याला दिवसाला ६०,०००. अकरांत येणाऱ्यासाठी ही चांगली रक्कम आहे. पण अकरांच्या बाहेर पहिल्याच पावलावर ती निम्मी होते आणि पंधरासोळांच्या बाहेर शून्य. अमेरिकेतही मायनर लीगमधली पोरं वर्षानुवर्षं हलाखीत राहिली. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेने करार केला तेव्हा कुठे ट्रिपल एचा किमान पगार वर्षाला १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेला. पण तिथे निदान खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या पोराला 'खेळाडू' म्हणून पगाराची चिठ्ठी मिळते.

पूर्वी मुंबईतही जमीन होती. बाबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी बँका आणि कंपन्या क्रिकेट खेळणाऱ्यांना नोकऱ्या द्यायच्या, टाइम्स शिल्डसाठी. गावसकर निरलॉनमध्ये होते, वाडेकर स्टेट बँकेत. पण तेच कशाला, कांगा लीगमध्ये बऱ्यापैकी खेळणारा, रणजीचं तोंडही न पाहिलेला माणूस बँकेत कारकून म्हणून चिकटायचा, दुपारी नेटला जायचा आणि निवृत्त होताना ऑफिसर असायचा. त्या नोकऱ्या आटल्या. त्यांच्या जागी आयपीएल आली. आयपीएल ही फार उंच शिडी आहे, पण शिडीखाली गादी नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी मॅच बघतो आणि मजेत बघतो. कारण कधी कधी ती रांगच अशी काही वळते की बस्स.

२००७ च्या आसपास कल्याणचा एक मुलगा शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला गेला. त्याला फलंदाज व्हायचं होतं. फलंदाजांच्या रांगेत पॅड बांधून उभी असलेली पोरं मोजल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला नंबर काही आज लागत नाही. गोलंदाजांची रांग लहान होती. तो तिकडे जाऊन उभा राहिला. तो तुषार देशपांडे. पुढे मुंबईचा वेगवान गोलंदाज झाला, चेन्नईकडून आयपीएल जिंकला, भारताकडूनही टी-ट्वेंटी खेळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर बडोद्याविरुद्ध रणजी क्वार्टरफायनल होती. मुंबई दुसऱ्या डावात ९ बाद ३३७. अकराव्या नंबरवर तुषार आत आला, दहाव्या नंबरचा तनुष कोटियन आधीच खेळत होता. ते दोघं बाद होईनात. मी त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद, दुसऱ्या स्क्रीनवर स्कोअर. १००. १५०. २००. शेवटच्या जोडीने २३२ धावा केल्या. तनुष नाबाद १२०, तुषार १२३. दहाव्या आणि अकराव्या दोन्ही नंबरवाल्यांनी शतकं ठोकण्याचा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला याआधीचा प्रसंग १९४६ चा, इंग्लंडमध्ये सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांचा. रांग मोठी म्हणून बाजूला झालेल्या मुलाची बॅटिंग शेवटी आली, १७ वर्षांनी आणि अकराव्या नंबरवर.

त्याच मोसमात मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने ४२वा करंडक घेतला. आठ वर्षांनी. १९ वर्षांच्या मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ केले, आणि शेवटची विकेट धवल कुलकर्णीने काढली, त्याच्या निवृत्तीच्या सामन्यात. मी चौथ्या दिवशी गेलो होतो. रणजीला तिकीट लागत नाही. तरुण वाचकांसाठी हे मुद्दाम लिहितोय: भारतातलं दुसऱ्या क्रमांकाचं क्रिकेट तुम्ही फुकट, हवी ती खुर्ची निवडून, डबा उघडून बघू शकता. क्षेत्ररक्षक एकमेकांना काय ओरडतात ते मराठीत ऐकू येतं.

बाबा त्या दिवशी माझ्यासोबत होते. ते नव्या पोरांपेक्षा जुन्यांबद्दल जास्त बोलले. शाळकरी वयात त्यांनी पद्माकर शिवलकरांना कांगा लीगमध्ये पाहिलं होतं. शिवलकर डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८. भारताकडून कसोटी शून्य, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते आणि एका संघात एक जागा. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. मार्च २०२५ मध्ये ते गेले तेव्हा बाबा म्हणाले, "देशासाठी नाही खेळला रे, पण आमच्यासाठी खेळला की!"

दुसरं नाव अमोल मुझुमदार. १९९४ मध्ये हरियाणाविरुद्ध पदार्पणातच २६०. कारकिर्दीत ११,१६७ प्रथम श्रेणी धावा. भारताची टोपी नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक म्हणून तो सीमारेषेजवळ उभा होता. आमच्या हॉलमध्ये आई मुलींसाठी टाळ्या वाजवत होती आणि बाबा अमोलसाठी. सगळे म्हणाले, नियतीने न्याय केला. मला तसं वाटत नाही. त्या ११,१६७ धावा विश्वचषक नसता आला तरी तेवढ्याच होत्या.

शीट ठेवायला लागल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण होतकरू मुलाकडे कायम पुढच्या काळात बघतो. हा उद्या काय होईल? आणि तो काही झाला नाही की मागे जाऊन त्याची सगळी वर्षं पुसून टाकतो. जणू पावणेसहाची लोकल ही फक्त एका टोपीसाठी काढलेली रिसीट होती, टोपी नाही तर रिसीट फाडा.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. मी रजा टाकून वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर सामना बघायला गेलो. तसा बेत मी बराच आधी केला होता, आयुष म्हात्रेला बघायला. १७ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरमध्ये याच मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध १७६. ३१ डिसेंबरला विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध ११७ चेंडूंत १८१, लिस्ट ए क्रिकेटमध्ये दीडशे पार करणारा तेव्हाचा जगातला सगळ्यात लहान फलंदाज. पण मधल्या काळात ऑस्ट्रेलियात भारत हरला आणि मोठ्या खेळाडूंनी रणजी खेळावं असं ठरलं. रोहित शर्मा २०१५ नंतर पहिल्यांदा रणजीत आला, सोबत यशस्वी जयस्वाल. अकरांत सलामीला आयुषला जागा नव्हती.

एरवी जिथे पन्नास माणसं असतात तिथे रांगा लागल्या होत्या. रोहितने तीन षटकार मारले, २८ वर बाद झाला, आणि माझ्या आजूबाजूची मुलं उठून निघाली. त्यांचं चुकलं असं नाही, ती रोहितला बघायलाच आली होती. मुंबई ७ बाद १०१. मग पालघरचा शार्दुल आणि तनुष कोटियन यांनी आठव्या विकेटसाठी १८४ धावा जोडल्या, मोकळ्या झालेल्या मैदानावर. शार्दुलचं शतक झालं तेव्हा टाळ्या मोजता आल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मुंबई ५ विकेटनी हरली. इतकी नावं एका संघात, आणि त्यांना हरवलं ज्यांची नावं आम्हाला उच्चारताही येत नव्हती त्या पोरांनी. कुणाच्या तरी शीटमध्ये, श्रीनगर किंवा जम्मूमध्ये, उमर नझीरचं नाव नक्की असणार.

तीन महिन्यांनी ऋतुराज गायकवाड जखमी झाला आणि चेन्नईने आयुषला ३० लाखांत बोलावलं. २० एप्रिलला, वानखेडेवर, मुंबई इंडियन्सविरुद्ध तो पहिला आयपीएल सामना खेळला. १५ चेंडूंत ३२. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "हा कोण रे? विरारचा म्हणे!" मला पिट्सबर्गचा सीनियर आठवला. मी ऑक्टोबरमधल्या त्या १७६ चा, लांबून काढलेला आणि हललेला फोटो ग्रुपवर टाकला. कुणी बघितला नाही. तरी मला बरं वाटलं.

शीटमधली सगळ्यात अवघड ओळ पृथ्वी शॉची आहे. त्याचा शेवटचा रकाना मी इतक्या वेळा बदललाय की त्याला व्हर्जन हिस्टरी आहे. कसोटी पदार्पणात १३४. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीमुळे बंदी. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९, भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ नंतर रणजीतली सगळ्यात मोठी खेळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई रणजी संघातून वगळला. त्यानंतरच्या आयपीएल लिलावात कुणी घेतला नाही. २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे, आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध २२२. इंटरनेटवर सगळ्यांना त्याच्याबद्दल नेमकं माहीत असतं. शिस्त, वजन, संगत, पैसा. त्याच्याबद्दल बोलताना माझा भाऊ मात्र कधीच त्या सुरात सूर मिसळत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "दादा, चौदाव्या वर्षापासून अख्खी लाइन त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे फक्त बाबा बघत होते, तरी मला पोटात गोळा यायचा."

भाऊ आता अंधेरीत एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे. रविवारी टर्फवर ऑफिसवाल्यांशी बॉक्स क्रिकेट खेळतो आणि मुद्दाम उजव्या हाताने खेळतो, नाहीतर मजा राहत नाही म्हणतो. माझ्या शीटची त्याने कायम टिंगल केली. "त्यात माझं नाव नाही ना? नशीब!" नाहीच आहे. तो खेळायचा तेव्हा शीट नव्हती.

२०२५-२६ च्या मोसमात शार्दुल मुंबईचा कप्तान झाला. शीटमध्ये सात नवी नावं आली आहेत. परवा रात्री मी हॉलमध्ये एका पंधरा वर्षांच्या डावखुऱ्या पोराची कुणीतरी सीमारेषेवरून काढलेली क्लिप बघत होतो. स्टेशन नालासोपारा. भाऊ जेवून हात पुसत माझ्या मागे येऊन उभा राहिला. सहसा तो एक नजर टाकून बेडरूममध्ये जातो. या वेळी थांबला. म्हणाला, परत लाव. मी लावली. त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि तो एक कव्हर ड्राइव्ह चार-पाच वेळा मागेपुढे करून पाहिला.

"पुढचा पाय उशिरा पडतोय," तो म्हणाला. "पण हात बघ. हे शिकवून येत नाही."

मग फोन परत देत म्हणाला, "याचं नाव लिहून ठेव."